सोळा मेगाबाइटचा तानपुरा

१९०२च्या नोव्हेंबरमध्ये लंडनच्या ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गायसबर्ग कलकत्त्यात होता. तिथे त्याने गौहरजानचं गाणं मुद्रित केलं आणि आपल्याकडच्या व्यावसायिक ध्वनिमुद्रणाला सुरुवात झाली. तबकडीवर जेमतेम तीन मिनिटं मावत. रात्रभर मैफल रंगवणाऱ्या गायिकेला राग उलगडून, तान घेऊन, समेवर येऊन सगळं तीन मिनिटांत उरकावं लागे. मूळ मुद्रणं बोटीने जर्मनीतल्या हॅनोव्हरला जात आणि तिथे तबकड्या छापल्या जात. कोणती तबकडी कोणाची हे तिथल्या कामगारांना कळावं म्हणून गौहरजान गाणं संपताना इंग्रजीत स्वतःचं नाव सांगे. पुढे १९०८ साली कंपनीने सियालदहजवळच कारखाना काढला आणि कलकत्ता हे आपल्या ध्वनिमुद्रणाचं पहिलं मोठं केंद्र बनलं.

गौहरजानच्या त्या मुद्रणानंतर ९७ वर्षांनी, १९९९ साली, जपानच्या कोर्ग कंपनीने 'ट्रायटन' नावाचा कीबोर्ड बाजारात आणला. त्यात वाजवणाऱ्याला स्वतः मुद्रित केलेले आवाज ठेवण्यासाठी १६ मेगाबाइटची जागा होती. हे यंत्र आवाजाचं माप सेकंदाला ४८,००० वेळा घेतं आणि प्रत्येक माप दोन बाइटमध्ये लिहितं. म्हणजे एका सेकंदाच्या आवाजाला ९६,००० बाइट लागतात. भागाकार केला की उत्तर येतं २ मिनिटं ५४ सेकंद. डावा-उजवा वेगळा ठेवायचा असेल तर त्याच्याही निम्मं. जवळजवळ शंभर वर्षांनी, एवढ्या प्रगत यंत्रातही, वादकाच्या वाट्याला पुन्हा तीनच मिनिटं आली होती. ती वाढवायची कशी, हा या प्रकरणाचा विषय आहे. हा प्रश्न आपल्या संगीताला इतरांपेक्षा जास्त का छळतो, तेही पाहायचं आहे, कारण मला तोच भाग महत्त्वाचा वाटतो.

आधी 'वर्कस्टेशन' म्हणजे काय ते पाहू. साध्या कीबोर्डमध्ये आवाज असतात आणि ते वाजवता येतात. वर्कस्टेशनमध्ये आवाज घडवता येतात, आठ-दहा वाद्यांची साथ एकेक करून नोंदवता येते, त्यांना घुमारा देता येतो आणि अख्खं गाणं एका यंत्रावर उभं करता येतं. कोर्गच्याच 'एम-१'ने १९८८ साली ही कल्पना जगभर रुजवली. त्यातले सगळे मूळ आवाज, पियानोपासून ढोलांपर्यंत, ४ मेगाबाइटमध्ये बसवलेले होते. आज मोबाइलवर काढलेला एक फोटोसुद्धा एवढी जागा घेतो. तेवढ्यात त्या अभियंत्यांनी जे साधलं, त्याचं कौतुक वाटल्याशिवाय राहत नाही.

या यंत्रांत आवाज तीन ठिकाणी राहतो. पहिलं ठिकाण म्हणजे रॉम. कारखान्यात भरलेले आवाज तिथे असतात आणि ते बदलता येत नाहीत. दुसरं रॅम. वादक स्वतः आणतो ते सॅम्पल, म्हणजे मुद्रित आवाजाचे तुकडे, वाजवण्यासाठी इथे ठेवावे लागतात. वीज गेली की इथलं सगळं पुसलं जातं. तिसरं ठिकाण साठवणीचं, म्हणजे फ्लॉपी, हार्ड डिस्क, कार्ड किंवा पेनड्राइव्ह. रॅम म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा आणि डिस्क म्हणजे फडताळ. फडताळात कितीही डबे असले तरी रांधताना जे ओट्यावर काढून ठेवलंय तेच हाताशी येतं. 'कीबोर्डची मेमरी वाढवायची आहे' असं म्हणणाऱ्याला आधी विचारावं लागतं की ओटा वाढवायचाय की फडताळ. दुकानात होणारे बरेच घोळ इथेच होतात. बत्तीस जीबीचा पेनड्राइव्ह लावूनही दोन मिनिटांपेक्षा जास्त सॅम्पल चढत नाही, तेव्हा यंत्र बिघडलेलं नसतं, रॅम भरलेली असते.

मेमरी नसलेल्या काळातही वीज वापरून सूर काढले जात होते, हे लक्षात ठेवायला हवं. कलकत्त्यात वाढलेल्या हेमंतकुमारांचं संगीत असलेला 'नागिन' १९५४ साली आला आणि त्यातली बीन घरोघरी पोचली. ती खऱ्या पुंगीची नव्हती. कल्याणजींनी वाजवलेलं क्लॅव्हिओलिन आणि रवींची हार्मोनियम यांच्या मिलाफातून ती तयार झाली. क्लॅव्हिओलिन हे फ्रान्सच्या कॉन्स्टंट मार्टिनने १९४७ साली बनवलेलं छोटं वाद्य. त्यात आवाज साठवलेला नसे, दर वेळी विजेच्या कंपनातून तो नव्याने घडे. पुंगीसारखा सलग, नाकातून आल्यासारखा सूर अशा तऱ्हेने छान उतरतो. तानपुरा उतरत नाही.

तो का उतरत नाही, याचं उत्तर कलकत्त्यातच शोधलं गेलं. बऊबाजार रस्त्यावर, २१० क्रमांकाच्या इमारतीत, इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स ही संस्था होती. सरकारी हिशेबखात्यात नोकरी करणारे चंद्रशेखर वेंकट रामन १९०७ पासून ऑफिसच्या आधी आणि नंतर तिथे येऊन प्रयोग करत. पुढे त्यांना नोबेल मिळालं ते प्रकाशाच्या विकिरणासाठी, पण त्याआधीची कित्येक वर्षं त्यांनी वाद्यांचा अभ्यास केला होता. १९२१ साली त्यांनी तानपुरा आणि वीणा यांच्या जवारीवर, म्हणजे घोडीवर तार टेकते त्या जागेच्या घडणीवर, निबंध लिहिला. तार एखाद्या बिंदूवर छेडली तर ज्या उपस्वरांचा स्थिर बिंदू तिथे असतो ते उपस्वर ऐकू येऊ नयेत, असा पदार्थविज्ञानाचा नियम. तानपुऱ्यात ते ठणठणीत ऐकू येतात. कारण तार घोडीच्या कडेवर टेकलेली नसते. घोडीचा माथा गोलसर असतो, तार त्याला हळुवार घासत वर-खाली होते आणि तिची टेकण्याची जागा क्षणोक्षणी बदलते. जवारीचा धागा ही जागा नेमकी साधतो. त्यामुळे एकदा छेडलेल्या तारेतून उपस्वरांची एक लाट उठते, चढते आणि ओसरते. दर अर्ध्या सेकंदाला आवाजाचा पोत वेगळा असतो. मिरजेचे कारागीर जवारी लावताना कानाने जे ऐकतात, ते रामन यांनी बऊबाजारात मापून दाखवलं.

आता हाच तानपुरा मेमरीत कसा बसतो ते पाहा. बासरीचा सूर साठवायचा तर फुंकेची सुरुवात आणि त्यानंतरच्या स्थिर सुराचा एखादा छोटा तुकडा पुरतो. हा तुकडा यंत्र गोल-गोल फिरवत राहतं आणि वादकाने पट्टी दाबून धरली असेल तोवर सूर चालू राहतो. याला 'लूप' म्हणतात. पाश्चात्त्य वाद्यवृंदातली बरीच वाद्यं या युक्तीने थोड्या जागेत बसवली गेली. एम-१च्या ४ मेगाबाइटचं रहस्य बरंचसं यातच आहे. तानपुऱ्याचा लूप करायला गेलं तर जवारीची लाट मधेच तुटते आणि कानाला लगेच खटकतं. पूर्ण आवर्तन, चारही तारांचं, घ्यावंच लागतं.

समजा एक आवर्तन सहा सेकंदांचं आहे. डावा-उजवा मिळून सेकंदाला १,९२,००० बाइट, म्हणजे सहा सेकंदांना सुमारे ११ लाख ५२ हजार. हा एक सूर झाला. गायक बदलला की पट्टी बदलते. एकच मुद्रण वर-खाली सरकवून सगळ्या पट्ट्या काढता येतात, पण यंत्र सूर चढवतं तो मुद्रण वेगाने चालवून. षड्जाचं मुद्रण शुद्ध गंधारावर नेलं की वेग सव्वापटीच्या थोडा वर जातो, सहा सेकंदांचं आवर्तन पावणेपाच सेकंदांत संपतं आणि तानपुरा घाईत असल्यासारखा वाजतो. भोपळ्याचा घुमाराही त्याच्याबरोबर चढतो, जो खऱ्या तानपुऱ्यात कधीच चढत नाही. म्हणून बाराही सूर वेगळे मुद्रित करायचे. बारा सुरांचे झाले १३ मेगाबाइटपेक्षा थोडे अधिक. ट्रायटनच्या १६ मेगाबाइटांत एक पंचमाचा तानपुरा बसला आणि उरलेल्या जागेत एका बाजूचा अर्धा मिनिट आवाज जेमतेम मावेल. मालकंस गायचा म्हणून मध्यमाचा तानपुरा हवा असेल तर त्याला जागाच नाही.

तासन्‌तास तानपुऱ्यांच्या घुमाऱ्यात बसणाऱ्याला हा सगळा खटाटोप निरर्थक वाटेल. टॉलीगंजच्या आयटीसी संगीत रिसर्च अकादमीत, जिथे आपले गायक उल्हास कशाळकर यांनी अनेक वर्षं गुरू म्हणून शिकवलं, तिथे खरे तानपुरे असतात आणि तसेच असायला हवेत. पण दुर्गापूजेनंतर बंगालात गावोगावी बांबूच्या मंचावर कार्यक्रम होतात. त्यांना 'माचा' म्हणतात. तिथे एक कीबोर्डवादक पन्नास गाण्यांना साथ करतो, आणि त्याच्या दोन हातांत सतार, सरोद, तबला, बासरी, शंख सगळं असावं लागतं. आपल्या गणेशोत्सवातल्या आणि जत्रेतल्या ऑर्केस्ट्रांची स्थिती वेगळी नाही. त्या मंचावर आपली वाद्यं किती खरी वाजतात हे त्या एका यंत्राच्या मेमरीवर ठरतं. म्हणून ती वाढवणं मला चैनीची गोष्ट वाटत नाही.

कंपन्यांनी काही वाट आधीच करून दिली होती. रोलँडच्या जेव्ही-१०८० आणि एक्सपी-८० यांत, १९९०च्या दशकाच्या मध्यात, आत चार खोबणी असत. त्यांत कंपनीचे आठ-आठ मेगाबाइटचे तयार पट्टे बसवायचे. एकात जागतिक वाद्यं, एकात आशियाई, एकात नुसता पियानो. हे पट्टे म्हणजे वाढीव रॉम. वीज गेली तरी आवाज जागेवर, भरण्याची वाट पाहणं नाही, मंचावर निर्धास्त. पण त्यात काय असावं हे कंपनीने ठरवलेलं. आशियाई पट्ट्यातली सतार कोणी वाजवली, कोणत्या घडणीची, तिचं मींडकाम कसं, यात वादकाचा काही शब्द नाही. रासबिहारी अॅव्हेन्यूवरच्या कारागिरांनी घडवलेल्या सतारीचा भरदार खर्ज ज्याच्या कानात आहे, त्याचं तेवढ्यावर भागत नाही.

म्हणून रॅम वाढवण्याकडे वळायचं. इथे एक सोयीची गोष्ट घडली. कीबोर्ड बनवणाऱ्यांनी स्वतःची वेगळी मेमरी न घडवता त्या काळच्या संगणकांतलीच वापरली. ट्रायटनला १९९०च्या दशकातल्या संगणकांची ७२ पिनांची 'सिम' पट्टी लागते. तिच्याने १६चे ६४ मेगाबाइट होतात. यामाहाच्या २००१च्या मोटिफला फक्त ४ मेगाबाइट होते, तेही ६४पर्यंत जातात. २००३च्या रोलँड फँटम-एसला १६८ पिनांची 'डिम' पट्टी बसते आणि ३२चे २८८ होतात. २००७च्या मोटिफ एक्सएसमध्ये ५१२च्या दोन पट्ट्या घालून १ जीबी होतो. संगणकांच्या जगात या पट्ट्या केव्हाच कालबाह्य झाल्या. कलकत्त्याच्या चाँदनी चौकासारख्या बाजारात जुन्या संगणकांच्या भंगारातून निघालेली पट्टी एखाद्या कीबोर्डला नवं आयुष्य देऊ शकते.

मात्र खोबणीत बसली म्हणून पट्टी चालेलच असं नाही. मेमरीतल्या प्रत्येक कप्प्याला क्रमांक असतो आणि तो सांगायला तारा असतात. एक तार वाढली की कप्पे दुप्पट होतात. चोवीस तारांनी १ कोटी ६७ लाखांच्या वर, पंचवीसांनी त्याच्या दुप्पट. ज्या यंत्रात एका खोबणीला ३२ मेगाबाइटपुरत्याच तारा काढल्यात, तिथे १२८ची पट्टी घातली तरी यंत्राला तिचा मोठा भाग हाकच मारता येत नाही. कधी ते ३२च दाखवतं, कधी पट्टी अजिबात ओळखत नाही. मोठी पट्टी स्वस्तात मिळाली म्हणून घ्यायची नाही, ती याच कारणासाठी. मोटिफच्या मालिकेत आणखी अटी आहेत. दोन्ही पट्ट्या सारख्या क्षमतेच्या हव्यात, पट्टीवर चिपा ठरावीक संख्येहून जास्त नकोत, आणि पट्टीची उंचीही मर्यादेत हवी, नाहीतर झाकण बसत नाही. हे सगळं यंत्राबरोबर आलेल्या पुस्तिकेच्या शेवटच्या पानांत असतं. ती पानं न वाचता बाजारात जाऊ नये.

प्रत्यक्ष बसवणं अवघड नाही, पण ते काम शांतपणे करायचं. बरेच कीबोर्ड तळाकडून उघडतात, म्हणजे ते पालथे घालावे लागतात. जॉयस्टिक आणि चाकं वर आलेली असतात, ती मोडू नयेत म्हणून दोन्ही टोकांना जाड उशा किंवा फोम द्यायचा. वायर भिंतीतून काढायची, नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही. अंगात साठलेली स्थिर वीज चिपेला मारू शकते, म्हणून कामाआधी आणि मधूनमधून यंत्राच्या उघड्या धातूच्या सांगाड्याला हात लावायचा, आणि टेरिकॉटचे कपडे किंवा गालिचा टाळायचा. सिम पट्टी तिरकी घालून उभी करतात आणि दोन्ही बाजूंच्या चिमट्यांत ती अडकते. डिम पट्टी सरळ वरून दाबतात, दोन्ही कडांचे खटके आपोआप मिटतात. पट्टीच्या कडेला एका बाजूला खाच असते, त्यामुळे ती उलटी जात नाही. जात नसेल तर जोर लावायचा नाही, बाजू बदलायची. काढलेले स्क्रू एका वाटीत ठेवायचे आणि झाकण लावण्यापूर्वी मोजायचे. आत राहिलेला एक स्क्रू बोर्डावर घरंगळला तर सगळं मुसळ केरात.

कलकत्ता आणि मुंबई दोन्हीकडे हवा दमट. जुन्या सिम पट्ट्यांचे स्पर्शबिंदू काही सोनेरी असतात, काही रुपेरी, म्हणजे कथलाचे. खोबणीतले स्पर्शबिंदूही तसेच. सोनेरीत रुपेरी घातली तर दोन धातूंमध्ये हळूहळू पापुद्रा धरतो आणि वर्षा-दोन वर्षांनी मेमरी कधी दिसते, कधी गायब होते. पावसाळ्यात हे जास्त. सोनेरीला सोनेरी, रुपेरीला रुपेरी, एवढं पाळलं तर हा त्रास टळतो. बसवल्यावर यंत्र चालू करून पडद्यावर मेमरीचा आकडा पाहायचा. आकडा आला नाही तर पट्टी काढून पुन्हा बसवायची. बहुतेक वेळा ती पूर्ण टेकलेली नसते.

रॅम वाढली की दुसरी अडचण समोर येते. ती रोज भरावी लागते. ट्रायटनमध्ये फ्लॉपी होती. एका फ्लॉपीत १५ सेकंदांचा एकेरी आवाज बसतो. १६ मेगाबाइट भरायला बारा फ्लॉप्या, आणि एकेक वाचायला अर्धं-पाऊण मिनिट. ६४ मेगाबाइट फ्लॉपीवरून भरायचे हा विचारच सोडावा लागतो, त्यासाठी स्कझी जोडणीचा वेगळा पट्टा आणि हार्ड डिस्क लागे. मोटिफ एक्सएसचा १ जीबी पेनड्राइव्हवरूनही भरायला कित्येक मिनिटं घेतो. एवढं करून कार्यक्रमात वीज गेली की सगळं शून्य. १९७० आणि ८०च्या दशकांत कलकत्त्याने लोडशेडिंग इतकं भोगलं की तो शब्द तिथल्या रोजच्या बोलण्यात मुरला. आज शहरात ती अवस्था नाही, पण गावातल्या मंचावर मुख्य वीज जाऊन जनरेटर सुरू होईपर्यंतचा अर्धा सेकंदही रॅमला पुरतो. दिवे लुकलुकून परत येतात, प्रेक्षकांना कळतही नाही, आणि कीबोर्ड पहिल्यापासून सुरू होत असतो. ज्याच्या यंत्रात रॅमवर सॅम्पल आहेत त्याने मंचावर छोटा यूपीएस ठेवलाच पाहिजे. महागड्या सॅम्पल-संचापेक्षा मी तो आधी घ्यायला सांगेन.

यावर खरा उपाय २०१०मध्ये यामाहाच्या मोटिफ एक्सएफने दिला. त्यात रॅमच्या जोडीला फ्लॅश मेमरीचे पट्टे बसवायची सोय होती. एक ५१२ मेगाबाइटचा, एक १ जीबीचा, आणि दोन खोबणी मिळून २ जीबीपर्यंत. फ्लॅशवरचं वीज गेली तरी राहतं. एकदा सॅम्पल लिहिले की यंत्र चालू करताच ते हाताशी असतात. म्हणजे रॉमचा भरवसा आणि रॅमचं स्वातंत्र्य एकत्र आलं. त्याची दुखरी बाजू अशी की हे पट्टे यामाहाचे खास आहेत, संगणकाची मेमरी तिथे चालत नाही. कंपनीने त्यांचं उत्पादन थांबवल्यापासून जुना एक्सएफ घेताना आत पट्टे आहेत की नाहीत, हे यंत्राच्या रंगरूपापेक्षा आधी पाहावं लागतं. 'नंतर घालू' म्हणून घेतलेलं यंत्र वर्षानुवर्षं रिकामं राहू शकतं.

कोर्गने २०११च्या क्रोनोसमध्ये वेगळी दिशा धरली. त्या कीबोर्डच्या पोटात इंटेलचा प्रोसेसर, लिनक्सवर चालणारी प्रणाली आणि ३० जीबीची एसएसडी आहे. म्हणजे तो संगणकच आहे. सुरुवातीला रॅम २ जीबी होती, पुढे ३ जीबीपर्यंत वाढवता आली. पण त्याचा कित्येक जीबींचा पियानो रॅममध्ये बसतच नाही, आणि बसायची गरजही नाही. प्रत्येक सुराची सुरुवात तेवढी रॅममध्ये असते. पट्टी दाबताच ती वाजू लागते आणि तेवढ्या वेळात उरलेला सूर एसएसडीवरून वाचला जातो. पियानोचा सूर विझेपर्यंत, लूप न करता, पूर्ण लांबीने ऐकू येतो. तानपुऱ्यासाठी याहून योग्य रचना नाही. इथे साठवणीचा वेग हाच वाद्याचा गुण बनला. म्हणून क्रोनोसमध्ये दुसरी एसएसडी बसवताना नुसती क्षमता न पाहता चांगल्या दर्जाची घ्यावी. ज्या मूळ एसएसडीवर प्रणाली आहे तिला हात लावण्यापूर्वी तिची पूर्ण प्रत काढावी.

जुन्या यंत्रांची साठवण बदलणं हे वेगळं काम आहे, आणि त्याची गरज आज जास्त आहे. सोनीने २०११मध्ये साडेतीन इंची फ्लॉपी बनवणं बंद केलं. घरात असलेल्या फ्लॉप्यांवर बुरशी चढते, चुंबकीय थर सुटतो, ड्राइव्हचा पट्टा ताणला जातो. यावर फ्लॉपी ड्राइव्हच्याच आकाराची एक पेटी मिळते. ती जुन्या ड्राइव्हच्या जागी बसते, तीच वायर लागते, आणि पुढे पेनड्राइव्ह खोचायचा. कीबोर्डला वाटतं की आपण फ्लॉपीच वाचतोय. एका पेनड्राइव्हवर शेकडो फ्लॉप्या बसतात आणि बटणाने नंबर बदलता येतो. घेण्यापूर्वी आपलं यंत्र ७२० किलोबाइटची फ्लॉपी वापरतं की १.४४ मेगाबाइटची आणि जोडणी किती पिनांची आहे, हे पाहायचं. स्कझी हार्ड डिस्कच्या जागीही मेमरी कार्ड लावणारे पट्टे आता मिळतात. पेटी बसवण्यापूर्वी जुन्या फ्लॉप्या संगणकावर उतरवून घ्याव्यात, कारण नवी पेटी बसल्यावर त्या वाचायला घरात काहीच उरत नाही.

एम-१सारख्या यंत्रांत आणखी एक नाजूक जागा आहे. वादकाने घडवलेले आवाज टिकवण्यासाठी आत बटणासारखा सेल असतो, पुष्कळदा डाख देऊन बसवलेला. तो काही वर्षांनी उतरतो आणि त्याच्यासोबत सगळे आवाज जातात. पडद्यावर बॅटरीची सूचना आली की आधी आवाज मिडी वायरीने संगणकावर किंवा कार्डावर उतरवून घ्यायचे, मगच सेल काढायचा. नवा बसवताना डाख देणाऱ्याकडून सेलचं घर बसवून घ्यावं, म्हणजे पुढच्या वेळी नुसता सेल बदलता येतो.

आता या वाढवलेल्या जागेत भरायचं काय? कलकत्त्याच्या बाबतीत माझं उत्तर ढाक, म्हणजे बंगालचा मोठा ढोल, हे आहे. दुर्गापूजेच्या आधी गावोगावचे ढाकी सियालदह स्टेशनाबाहेर जमतात, वाजवून दाखवतात आणि मंडळं त्यांना ठरवून नेतात. भारतासाठी मुद्दाम बनवलेल्या कीबोर्डांत, यामाहाच्या पीएसआर-आय मालिकेत उदाहरणार्थ, सतार, तबला, तानपुरा आहेत, आणि ती चांगली गोष्ट आहे. पण ढाकाचा, आपल्या संबळाचा किंवा हलगीचा कस असलेला आवाज वादकाने स्वतः मुद्रित केला तरच मिळतो.

तो कसा करायचा? ढाकाच्या कातड्यावर वेताच्या बारीक काड्यांनी वाजवतात. आठ वेगळे आघात धरले, प्रत्येक चार जोरांत, अगदी हलक्यापासून पूर्ण ताकदीपर्यंत. एकच मुद्रण पुन्हा पुन्हा वाजलं तर ते यंत्रासारखं कोरडं लागतं, म्हणून प्रत्येकाचे चार वेगळे घाव घ्यायचे. ज्या यंत्रात तशी सोय आहे ते हे घाव आळीपाळीने वाजवतं. झाले १२८ तुकडे, एकेक सेकंदाचे, एकेरी आवाजाचे, म्हणजे पावणेबारा मेगाबाइटच्या आसपास. ढाकीकडून हे एका सकाळी होतं, पण त्याचं मानधन कार्यक्रमाइतकंच द्यायला हवं. पुढची कित्येक वर्षं तो आवाज तुमच्या मंचावर वाजणार असतो. मुद्रण नेहमीच्या वेव्ह फाइलमध्ये ठेवायचं, कंपनीच्या खास स्वरूपात त्याची दुसरी प्रत करायची. कंपनीचं स्वरूप पुढच्या यंत्राला वाचता येईल याची खात्री नसते, वेव्ह फाइल मात्र मोटिफ, फँटम, क्रोनोस सगळ्यांना चालते. प्रत्येक फाइलच्या नावात वाद्य, आघात आणि जोर लिहायचा. नुसते १ ते १२८ आकडे दिले तर सहा महिन्यांनी तुम्हालाही काही ओळखू येणार नाही.

६४ मेगाबाइटचा जुना ट्रायटन घेतला तरी हिशेब जुळतो. पंचम आणि मध्यम असे दोन्ही तानपुरे बाराही सुरांत, सव्वीस मेगाबाइटपेक्षा थोडं जास्त. ढाक बारा. उरले पंचवीस-सव्वीस मेगाबाइट, म्हणजे एकेरी आवाजाची साडेचार मिनिटं. त्यात खोल हे तालवाद्य बसेल, दोतारा हे तंतुवाद्य बसेल, आणि एक शंख पूर्ण दमाचा, लूप न करता.